कापणीच्या आधीचा रविवार

विद्यार्थी मित्रहो, निसर्गाच्या छायाचित्रणासाठी एका दिवसाचा मोटारप्रवास कसा आखावा, हा विषय मराठीच्या अभ्यासपुस्तिकेत कशासाठी, असे तुम्हांला प्रथमदर्शनी वाटेल. तसे वाटणे गैर नाही. परंतु तुमच्यापैकी बहुतेकांची स्थिती मला ठाऊक आहे, कारण ती माझीही होती. सहा दिवस नोकरी, सातव्या दिवशी अभ्यासकेंद्रावरचे संपर्कसत्र, आणि उरलेल्या वेळात घर. ज्याच्याजवळ वेळ मुबलक असतो तो हिंडतो, ज्याच्याजवळ एकच दिवस असतो त्याला दिवस आखावा लागतो. आखणे हेही एक प्रकारचे लेखनच आहे. त्यात काय घ्यायचे यापेक्षा काय सोडायचे याचा विचार अधिक करावा लागतो.

मी सांगणार आहे तो रविवार ६ नोव्हेंबर २०२२ चा. त्या दिवशी मी संपर्कसत्र बुडवले, हे आधीच कबूल करतो.

माझे आजोळ मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता माळशेज घाट चढण्यापूर्वी ज्या सपाट भातखाचरांमधून जातो, त्यांतलीच काही खाचरे माझ्या मामांची. मामींच्या दीर्घ आजारात कर्ज झाले होते. ते फेडायचे तर जमीन विकण्यावाचून इलाज उरला नव्हता, आणि गिऱ्हाईकही मिळाले होते. शहरातल्या माणसांना डोंगराच्या पायथ्याशी घर हवे असते, त्यामुळे आमच्या भागात गेली कित्येक वर्षे भाताच्या जमिनी अशाच हळूहळू कुंपणाआड जात आहेत. सातबाऱ्यावर मामांच्या नावाबरोबर माझ्या आईचेही नाव होते. ती मामांची थोरली बहीण. विक्रीचे बोलणे तिला सर्वांत शेवटी कळले. तिने भांडण केले नाही. “सही करीन” एवढेच म्हणाली, आणि त्यानंतर तिने भावाला फोन करणे बंद केले. मामांचा फोन आला तर ती देवापाशी बसलेली असे किंवा तिची आंघोळ व्हायची असे.

ऑक्टोबरच्या अखेरीस एकदा ती मला म्हणाली, “तो कॅमेरा घेतलास ना एवढा, तर भात उभं आहे तोवर शेताचा एक फोटो काढून आण. पाठीमागं नाण्याचा अंगठा येऊ दे.” गुडघ्यांमुळे तिला स्वतःला येणे शक्य नव्हते. निदान कारण तिने तेच दिले.

मित्रहो, नाण्याचा अंगठा म्हणजे नाणेघाटाच्या माथ्यावरचा, आकाशाकडे रोखलेला सुळका. सातवाहनांच्या काळी जुन्नरहून उतरणारा माल या घाटाने कल्याण, सोपारा या बंदरांकडे जात असे. घाटातील लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख आहे आणि त्यातले अंक आपल्याकडील प्राचीन अंकलेखनाचे एक महत्त्वाचे साधन मानले जातात. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, तो जकातीचा असे लोक सांगतात. परंतु माझ्या आईच्या लेखी तो अंगठा म्हणजे घड्याळ होते. त्याच्यावरची उन्हे पिवळी झाली की शेतातल्या बायका घरी निघत.

आता तारखेचा हिशेब. भाताची हळवी, निमगरवी आणि गरवी अशी पिके असतात, हे शेतकरी घरांतल्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. हळवे दसऱ्याच्या सुमारास कापणीला येते, गरवे दिवाळीनंतर. मामांच्या खालच्या खाचरांत, जिथे ओल टिकते, तिथे गरवे होते. त्या वर्षी परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला, म्हणून कापणी आणखी लांबली. मामींना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, “सोमवारी माणसं सांगितल्यात.” म्हणजे सात तारखेला विळे लागणार. माझ्या हाती सहा तारीखच होती. छायाचित्रकार ऋतू निवडतो, असे पुस्तकांत लिहिलेले असते. इथे माझ्यासाठी तो भाताने निवडला होता.

एक दिवस असा हाती आल्यावर माणसाला लोभ सुटतो. आजोळी संध्याकाळी पोहोचायचे, तर सकाळ का वाया घालवावी? म्हणून मी शहापूर तालुकाही आखणीत घेतला. यामागे निव्वळ लोभ नव्हता, प्रकाशाचेही एक साधे गणित होते. ते तुम्ही कागदावर मांडून पाहावे, कारण ते कुठल्याही प्रदेशाला लागू पडते. आपल्याकडे सह्याद्रीची भिंत पूर्वेला. सूर्य तिच्या पाठीमागून उगवतो, म्हणून सकाळी तिचे कोकणाकडचे कडे सावलीत असतात. नऊ-दहा वाजेपर्यंत ते काळे-निळे आणि सपाट दिसतात. त्यांच्यावर ऊन येते ते दुपारनंतर, आणि मावळतीच्या आधीच्या तासाभरात त्यांतली प्रत्येक घळ, प्रत्येक पदर सुटा होतो. म्हणून मुरबाड संध्याकाळचे. याउलट शहापूरचा माहुली किल्ला आसनगावच्या वायव्येला, मुख्य रांगेपासून सुटा उभा आहे. ठाणे जिल्ह्यातल्या उंच किल्ल्यांपैकी हा एक. त्याची पूर्वेकडची बाजू उगवतीच्या उन्हाला तोंड देऊन असते. म्हणून शहापूर सकाळचे. दोन्हींच्या मधली दुपार रस्त्यासाठी, जेवणासाठी आणि संध्याकाळची जागा हेरण्यासाठी. मोबाइलवर सूर्याची दिशा दाखवणारी साधने आता आहेत, परंतु होकायंत्र आणि एक काठी एवढ्यावरही हे काम भागते.

कागदावर आणखी एक गोष्ट मी टिपून ठेवली होती. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. म्हणजे जवळजवळ पूर्ण वाढलेला चंद्र सूर्यास्ताच्या दीड-एक तास आधी पूर्वेला उगवणार आणि सहाच्या सुमारास कड्यांच्या वर आलेला असणार. खाली पिवळे भात, मागे तांबूस कडा, वर चंद्र. हे चित्र मी मनात इतक्या वेळा काढले होते की ते प्रत्यक्षात काढणे ही केवळ औपचारिकता उरली होती.

काय सोडले तेही सांगितले पाहिजे. सिद्धगड सोडला. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले, आणि अशा ठिकाणी वाटेवरचा थांबा म्हणून जाऊ नये असे मला वाटते. गोरखगड-मच्छिंद्रगडाची जोडगोळी सोडली, बारवीचा जलाशय सोडला, डोळखांबकडून आजोबा पर्वताखाली जाणारा फाटाही जड मनाने सोडला. पौषातल्या म्हशाच्या जत्रेला अजून दोन महिने होते, तो मोह आपोआपच टळला.

पहाटे पाचला कल्याण सोडले. पडघ्याला महामार्ग गाठून वासिंद मागे टाकले तेव्हा अंधारच होता. आसनगावाहून माहुलीच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बांधाशेजारी जागा पाहून तिपाई उभी केली. सूर्योदय सहा वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास होता. त्याआधीची वीस मिनिटे ही दिवसातली सर्वांत शांत वेळ. शेतावर धुक्याचा एक पातळ थर, त्याच्यावर किल्ल्याचा सगळा पसारा, आणि उजेड वरून खाली उतरत येतो. आधी सुळके. भटजी, नवरा, नवरी, वजीर अशी त्यांची नावे आहेत. कोणीतरी एका रात्री लग्नाची वरात दगड करून ठेवली असावी, असे लहानपणी वाटे. ऊन सरळ समोरून पडत होते, त्यामुळे छायाचित्रे स्वच्छ आली, पण थोडी चपटी. कडेने प्रकाश मिळावा म्हणून मी रस्त्याने पुढे-मागे बरीच धावपळ केली. साडेआठनंतर ऊन पांढरे झाले आणि सकाळ संपली.

भातसा धरणाकडे मी छायाचित्रासाठी गेलो नाही, नुसते पाहायला गेलो. मुंबईला लागणाऱ्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातशातून जातो. १८९२ पासून मुंबईला पाणी देणारे तानसा धरणही याच तालुक्यात आहे. आणि याच तालुक्यातील पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ही विसंगती वर्तमानपत्रांतून इतक्या वेळा छापून आली आहे की आता ती वाचून कोणाला धक्का बसत नाही. मी कॅमेरा हातात घेतो तेव्हा मला एक खोड आहे. डोक्यावर हंडे घेतलेल्या बाईची आकृती दिसली की बोट आपोआप बटणावर जाते. त्या सकाळीही अशी एक बाई रस्त्याने चालली होती. तिने माझ्याकडे पाहिले, हंडा सावरला आणि विचारले, “कंच्या पेपरचे?” कुठल्याच पेपरचा नाही, असे मी म्हणालो. “मग कशाला?” असे म्हणून ती गेली. मी छायाचित्र घेतले नाही. घेतले असते तर ते चांगले आले असते, हेही खरे.

शहापूरहून शेणवे, किन्हवलीवरून सरळगावला उतरणारा रस्ता हा या प्रवासाचा खरा आनंद आहे. त्याविषयी कोणी फारसे लिहीत नाही. नजरेत भरेल असे त्यात काहीच नाही. साग, ऐन, मोहाची झाडे, मध्येच खाचरांचा उतार, अंगणात शेणाने सारवलेली खळी, उन्हात पसरलेले भात. वाटेत काळू नदी ओलांडावी लागते. काही खाचरे कापून झाली होती आणि बांधावर भारे रचलेले होते. मी गाडीच्या काचा खाली केल्या. कापलेल्या भाताचा वास छायाचित्रात येत नाही, आणि निबंधातही तो आणणे कठीण आहे. प्रयत्न करून पाहा. पुढच्या स्वाध्यायासाठी हा विषय वाईट नाही.

सरळगावला जेवून मी माळशेजच्या रस्त्याला लागलो. टोकावडे आले आणि समोर भिंत उभी राहिली. या भिंतीचा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर साचलेला. ते थर भर दुपारी दिसत नाहीत, तिरप्या उन्हातच दिसतात. याच मुलखातून २००९ साली ‘आजोबा’ नावाचा बिबट्या चालत गेला होता. नगर जिल्ह्यात पकडून, गळ्यात माग काढणारे यंत्र बांधून त्याला माळशेज घाटात सोडले होते. काही आठवड्यांत तो शंभराहून अधिक किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. त्याच्यावर पुढे मराठी चित्रपटही निघाला. जवळजवळ तेवढेच अंतर मी एका दिवसात गाडीने तोडत होतो आणि स्वतःला भटक्या म्हणवत होतो.

साडेतीनला मी मामांच्या बांधावर होतो. मामा खाचराच्या कडेला पाणी काढून देत होते. त्यांनी मान वर करून पाहिले. “आलास? ताई बरी हाय?” एवढे विचारून ते पुन्हा खाली वाकले. मी जागा हेरून ठेवली. खाचरांच्या पश्चिम टोकाला उभे राहायचे, तोंड डोंगराकडे, अंगठा चौकटीच्या उजव्या तिसऱ्या भागात. छिद्र ११ वर, संवेदनक्षमता १०० वर. पाच वाजता चंद्र कड्याच्या वर फिकट दिसू लागला. सगळे माझ्या कागदाप्रमाणे चालले होते.

अॅन्सेल अॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराची एक गोष्ट मला अशा वेळी आठवते. १९४१ च्या शरद ऋतूत तो न्यू मेक्सिकोमधून मोटारीने परत चालला होता. हर्नान्डेझ नावाच्या खेड्याजवळ त्याला दिसले की दफनभूमीतल्या क्रुसांवर मावळते ऊन आहे आणि वर चंद्र चढला आहे. त्याने गाडी थांबवली, कॅमेरा उभा केला, पण प्रकाशमापक सापडेना. चंद्राची तेजस्विता त्याला पाठ होती, तिच्यावरून त्याने अंदाज बांधला आणि एक छायाचित्र घेतले. दुसरे घेईपर्यंत क्रुसांवरचे ऊन गेले होते. त्याला स्वतःला त्याची तारीख नीट आठवत नसे. पुढे अभ्यासकांनी चंद्राच्या स्थानावरून गणित करून ती १ नोव्हेंबर असल्याचे ठरवले. मी स्वतःवर खूश होतो. अॅडम्सला ते अकस्मात मिळाले, मी तर महिनाभर आधीपासून मांडून ठेवले होते.

साडेपाचला मामा हातपाय धुऊन आले. त्यांनी सदरा बदलला होता, टोपी नवी घातली होती. माझ्या शेजारी उभे राहून त्यांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिले. बराच वेळ पाहिले.

“यात डोंगरच हाय की.”

“आईनं सांगितलंय, मामा. अंगठा हवा म्हणाली.”

“डोंगर कुठं जातोय? तो उद्याबी हाय, परवाबी हाय.” मग त्यांनी माझ्या खांद्याला धरून मला वळवले. “असा उभा राहा. डोंगराकडं पाठ कर. मी आवणीला वाकायचो ना, उठून कंबर सरळ केली का ह्ये दिसायचं. ह्याचा काढ.”

त्यांनी दाखवले त्या दिशेला पाहण्यासारखे काही नव्हते, असे मला त्या क्षणी वाटले. उतरत गेलेली सात खाचरे, त्यांचे वाकडेतिकडे बांध, एका बांधावर जांभळीचे झाड, त्याखाली एक बसका धोंडा, पलीकडे घराचे कौल आणि त्यावर धूर. आणि या सगळ्याच्या मागे थेट डोळ्यांत येणारा सूर्य. नेमके टाळायला सांगतात ते सगळे त्यात होते. सूर्याकडे तोंड करून घेतले तर भात काळे पडणार, भात उजळवले तर आकाश पांढरेफटक होणार. मी मामांना हे समजावून सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. आम्ही लहान असताना मुंबईच्या गोष्टी सांगायचो, तेव्हाही ते असेच ऐकत.

सूर्यास्ताला वीस मिनिटे उरली होती. माझ्या पाठीमागे कडा तांबूस होत चालला आहे हे मला न वळताही कळत होते, कारण भाताच्या लोंब्यांवर त्या उजेडाची हलकी झाक येत होती. मी एकदा वळून डोंगराचे छायाचित्र घेतले, आणि तिपाई उचलून मामांनी सांगितलेल्या जागी नेली. सूर्य जांभळीच्या पानांआड जाईपर्यंत थांबलो. तो आड गेला तेव्हा विरोधी उजेडात लोंब्यांची कुसे एकेक करून पेटल्यासारखी दिसू लागली आणि बांधांच्या सावल्या लांब होत माझ्या पायांपर्यंत आल्या. त्या सावल्यांमुळे मला पहिल्यांदा दिसले की ते बांध वाकडेतिकडे नव्हते. जमिनीचा चढ-उतार पाहून, पाणी एका खाचरातून दुसऱ्यात आपोआप उतरावे असे कोणीतरी ते घातले होते. मामांना विचारले तर म्हणाले, “आज्यानं घातलं. मधला तुझ्या आईनं आन् मी, सत्तरच्या सालच्या पावसात फुटला तवा.” मी त्यांना बांधावर उभे राहा म्हणालो, तर ते नको म्हणाले. “मी कशाला? शेताचा काढ.”

एकूण अकरा छायाचित्रे घेतली. सहा वाजून चार मिनिटांनी सूर्य गेला. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो. मग मामींनी हाक मारली. चहा झाला. निघताना मामांनी डिकीत पिशवीभर जुने तांदूळ ठेवले.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मी दोन्ही छायाचित्रे कागदावर काढून आणली. डोंगराचे चांगलेच आले होते. कडा, चंद्र, सगळे जागच्या जागी. आईने ते पाहिले, “छान आलाय अंगठा” म्हणाली आणि बाजूला ठेवले. दुसरे तिने खिडकीपाशी नेले. त्यात काही तांत्रिक दोष आहेत, जांभळीच्या भोवती उजेड फुटला आहे. तिचे तिकडे लक्ष नव्हते. तिने चष्मा लावला आणि त्या धोंड्यावर बोट ठेवले.

“न्याहारी घेऊन आले की इथं बसायचे मी. हा इकडूनच का काढलास?”

“मामांनी सांगितलं.”

ती काही बोलली नाही. मधल्या बांधावरून तिचे बोट हळूहळू पुढे गेले, जांभळीपर्यंत, तिथून घराच्या कौलांपर्यंत. मग विचारले, “कापणी लागली का?”

“आज लागणार होती.”

“किती भारे निघाले खालच्या खाचरात?”

मी विचारले नव्हते. तिने छायाचित्र मांडीवर ठेवले, माझा फोन मागितला आणि म्हणाली, “लाव त्याला.”